वर्षाली मॅडमचा ग्रुप आणि एक बिननावी नंबर

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं काढली की माणूस असाच होतो. साहेब गोड बोलले की मी समजतो, आता काहीतरी माहिती मागणार. शेजारच्या शाळेतला मास्तर चहा पाजायला लागला की समजतो, याला स्वतःची निवडणुकीची ड्यूटी माझ्या गळ्यात घालायची आहे. बहुतेक वेळा माझा अंदाज बरोबर निघतो, त्यामुळे ही खोड काही गेली नाही.

दोन वर्षांपूर्वी वर्षाली कुमरे मॅडम आमच्या शाळेत बदलून आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली. आमचं गाव रोहण्याहून सात किलोमीटर आत. चार वर्ग, दोन शिक्षक, एकतीस मुलं. पवनारकडची, दारात बस येणारी शाळा सोडून ही बाई आपणहून इकडे आली होती. आपणहून इकडे कोण येतं? मी बायकोला म्हटलं, "शकुंतला, काहीतरी भानगड असन."

"तिचं माहेर जवळ असन," ती म्हणाली.

माहेर खरंच जवळ होतं. वडील वनखात्यात रोजंदारीवर होते, आता थकले. आई भागाबाई अजून मोहफुलं वेचायला जाते. गोंडाच्या घरातली ही पोर डी.एड. करून नोकरीला लागली आणि आता आईबापांजवळ राहता यावं म्हणून परत आली. कारण अगदी सरळ होतं. पण सरळ कारणावर माझा विश्वास बसत नाही.

मुख्याध्यापक म्हणून मी त्यांना पहिली-दुसरी दिली, तिसरी-चौथी माझ्याकडे ठेवली. आमच्या निम्म्या मुलांच्या घरी गोंडी बोलतात. मॅडम त्यांच्याशी गोंडीत बोलायच्या आणि पोरं खिदळायची. एकतीस वर्षांत मला गोंडी आली नाही, त्यामुळे ती माझ्यावरच हसतात असं मी धरून चाललो.

त्यात तो फोन. आमच्या शाळेत नेटवर्क फक्त हापशीजवळ येतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मॅडम तिथे तासभर उभ्या. कधी बोलायच्या, कधी वहीत लिहून घ्यायच्या, आणि मधूनच ऑफिसच्या खिडकीकडे बघायच्या. खिडकीत मी उभा असायचो हा भाग वेगळा.

शेवटी विचारलंच. "काय चालू असते मॅडम हापशीवर?"

"ग्रुप आहे सर, शिक्षकांचा. 'वर्गात अडलं' नाव ठेवलं. कोनाले शिकवताना काई अडलं तं तो लिहिते, बाकीचे सांगतात. आष्टी, कारंजा, आंजी, सगळीकडचे मिळून चौऱ्याण्णव लोक आहेत. तुमी पन या ना."

"मले काई अडत नाई," मी म्हणालो.

माझ्या फोनवर अकरा ग्रुप आहेत. अकराही एकाच मुशीतले. वरून येतं, 'माहिती तातडीने सादर करा', आणि खाली चाळीस जण लिहितात, 'सादर'. तिथे कोणी कधी प्रश्न विचारत नाही. 'मला येत नाही' असं लिहिणारा शिक्षक मी जन्मात पाहिला नव्हता, कारण त्याचा स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत साहेबाच्या टेबलावर पोहोचतो. मग हे चौऱ्याण्णव लोक तिथे करतात काय? माझी खात्री पटली की मुख्याध्यापकांच्या चुगल्या करतात.

पोरगा अंकित पुण्याला जाताना त्याचा जुना फोन सिमसकट घरी टाकून गेला होता. तो मी चार्ज केला. नाव ठेवलं 'एक शिक्षक', फोटो काही नाही, आणि मॅडमनीच जिल्ह्याच्या ग्रुपवर टाकलेल्या लिंकवरून आत शिरलो. मॅडमनी लगेच लिहिलं, 'स्वागत. आपलं नाव, शाळा कळवाल का?' मी गप्प बसलो.

आठवडाभर संदेश जमू दिले आणि आधी माझं नाव शोधलं. 'भोयर' टाकून पाहिलं, 'मुख्याध्यापक' टाकून पाहिलं. काहीच निघालं नाही. तीन ठिकाणी मात्र संदेश डिलीट केलेला दिसला. ते तिन्ही माझ्याबद्दलच असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग रोज वाचू लागलो. फोन ऑफिसच्या टेबलाच्या खणात ठेवायचो आणि मॅडम वर्गात असल्या की हापशीवर पाणी प्यायला जायचो. माझी तहान त्या महिन्यात फार वाढली. ग्रुपवर चुगल्या नव्हत्या. तिथे लोक खरोखरच रडगाणी गात होते, पण आपल्या शिकवण्याची. एकीला अपूर्णांक समजावता येत नव्हते. एकाच्या वर्गात एक पोर दोन महिने तोंडच उघडत नव्हतं. ग्रुपच्या नावाखाली, माहितीच्या जागी, मॅडमनी ग्रुप सुरू करताना लिहिलेलं होतं: 'पहिल्या नोकरीत एका शिक्षकाच्या शाळेवर मी एकटी होते. काही अडलं तर विचारायला माणूस नव्हतं. वर्षभर चुकीचं शिकवलं आणि ती पोरं पुढे गेली. त्यांची मला अजून लाज वाटते.'

असं कोणी लिहितं का? मी ते चार वेळा वाचलं. यात डाव काय असेल, तेच शोधत होतो.

आता माझं सांगतो. तिसरीतली सहा मुलं वाचत नव्हती. सोनम नावाची पोरगी तर पुस्तक उघडलं की खाली मान घालून बसायची. प्रगतिपत्रकात मी सहाही जणांपुढे 'वाचन चांगले' लिहिलं होतं. तसंच लिहितात. खरं लिहिलं तर खुलासा द्यावा लागतो, आणि माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

ग्रुपवर आष्टीकडच्या आचल मॅडमनी एकदा लिहिलं होतं की पोराला त्याच्या भाषेत सांगू द्या, ते जसंच्या तसं लिहा आणि त्यालाच वाचायला द्या. कोणाला कळणार नाही अशा बेताने मी एक दिवस सोनमला जवळ बसवलं आणि म्हटलं, तुझ्या बकरीबद्दल सांग, गोंडीत सांग. ती बोलली. मला निम्मंच समजलं, पण कानाला आलं तसं पाटीवर लिहिलं. तिने बोट ठेवलं आणि हळूहळू वाचायला लागली. मध्येच थांबली, मान हलवली. एक शब्द मी चुकीचा ऐकला होता. तिने तो मला दोनदा म्हणून दाखवला आणि मी दुरुस्त करीपर्यंत पुढे सरकली नाही.

मला इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगणार कोणाला? मी तर ग्रुपमध्ये नव्हतोच.

त्याच आठवड्यात केंद्रप्रमुखांबरोबर चहाला बसलो होतो. साहेब म्हणाले, भागाकारात सगळ्या शाळा मागे आहेत. आपल्याला चार गोष्टी ठाऊक असतात हे दाखवायची मला कोण हौस. मी म्हणालो, "पोराईचं सोडा साहेब, आपल्या रुपेश सरालेच भागाकार शिकवता येत नाई. तो सोताच लिहिते तसं." आमच्याच केंद्रातल्या रुपेश सरांनी ते ग्रुपवर लिहिलं होतं. माझ्या तोंडून ते पटकन निघून गेलं, आणि चहा संपायच्या आत मी विसरलोही.

साहेब विसरले नाहीत. केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत साठ शिक्षकांपुढे त्यांनी रुपेश सरांना फळ्याजवळ बोलावलं. "या सर, भागाकार करून दाखवा. तुमाले अडते म्हनतात." लोक हसले. रुपेश सरांनी खडू हातात घेतला आणि काही न लिहिता परत ठेवला. मी मागच्या रांगेत होतो. मी पण हसलो, कारण सगळे हसत होते.

त्या दिवसापासून 'वर्गात अडलं' वर कोणी काही लिहीना. दोन दिवसांत एकवीस जण बाहेर पडले. आत उरलेले एकमेकांना विचारू लागले, हा 'एक शिक्षक' कोण? नाव सांगत नाही, शाळा सांगत नाही, नुसता वाचतो. मॅडमनी पुन्हा लिहिलं, 'कृपया आपली ओळख द्या.' फोन माझ्या खणात होता. मी खणाला कुलूप लावलं.

मॅडम ऑफिसात आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. डोळे सुजलेले होते. "सर, एक इचारू का? तुमी लय वर्षं झाले नोकरीत आहा. हा नंबर कोनाचा असन? मले तं काईच समजून नाई राह्यलं."

त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर अंकितचा नंबर. मी चष्मा लावून तो नीट पाहिला, जणू पहिल्यांदाच पाहतोय.

"साहेबाचा मानूस असन," मी म्हणालो. "सावध राहा मॅडम. कोनावर भरोसा नोका ठेवू."

"मंग बंदच करते सर. येत्या शनिवारी सगळ्याईले सांगते. रुपेश सरासारखं अजून कोनाचं झालं तं ते माह्या माथ्यावर येईन."

त्या गेल्या आणि मला वाटलं, बरं झालं, सुटलो. तेवढ्यात सोनम पाटी घेऊन दारात उभी. आज बकरीचं नको, आजीचं लिहू म्हणाली. मी पाटी घेऊन लिहायला बसलो. ही जी पोरगी वाचत होती, ती ज्या ग्रुपमुळे वाचत होती, तो मी बुडवला होता. दुसऱ्या कोणी नाही. आयुष्यभर ज्या चुगलखोराला शोधत होतो, तो माझ्याच खुर्चीत बसत होता.

शनिवारी शाळा सुटली. मॅडम हापशीजवळ उभ्या राहिल्या आणि ग्रुपवर व्हिडिओ कॉल लावला. अकरा जण आले. मी कुलूप काढलं, फोन घेतला आणि त्यांच्या शेजारी जाऊन कॉलमध्ये शिरलो. दोन फोन इतके जवळ आल्यावर दोन्हींतून अशी किंचाळी उठली की मॅडमनी कानावर हात ठेवला. मग त्यांनी पडद्यावर पाहिलं. 'एक शिक्षक' च्या चौकटीत माझं तोंड होतं आणि कडेला त्यांचा स्वतःचा खांदा.

"मी नत्थूजी भोयर, मुख्याध्यापक," मी म्हणालो. "रुपेश सरांची गोष्ट माझ्याच तोंडून गेली. साहेबांचा काही दोष नाही, म्हणजे आहे, पण सांगितलं मी. आणि माझ्या तिसरीतली सहा मुलं वाचत नव्हती. प्रगतिपत्रकात मी वाचतात असं लिहिलंय. एक जण आता वाचायला लागली, तुमच्यामुळे. पाच राहिली. त्यांचं मला अडलं आहे. ज्याला स्क्रीनशॉट काढायचा त्याने काढावा."

 रुपेश सरांची चौकट पडद्यावरून नाहीशी झाली. ते निघून गेले होते. कोणाच्या तरी अंगणात कोंबडा आरवला. मग आचल मॅडमनी विचारलं, "पाचही पोरं गोंडी बोलतात का सर?"

"तीन," मी म्हणालो.

मॅडमनी त्या दिवशी ग्रुप बंद केला नाही. कॉल संपल्यावर त्यांनी वही मिटली आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. "मी तुमाले इचारलं होतं सर," एवढंच म्हणाल्या आणि घरी गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अजूनही त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. पण माझ्या पाच मुलांबद्दल मात्र दर शनिवारी सगळ्यांसमोर विचारतात, आणि मला खरं सांगावं लागतं.

प्रगतिपत्रकं मी पुन्हा लिहिली. खुलासा मागितला गेला, तो दिला. रुपेश सरांना दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता कोनं सांगतलं तुमाले मले फोन कराले?" कोणीच नाही, मी आपणहून करतोय, असं मी परोपरीने सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता.