काळ्या मास्कची दुरुस्ती

बुधवारी सकाळी तपासणीची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, चालवली, तेव्हा सोयाबीनच्या एका पानावर सत्तेचाळीस प्रकार सापडले. आम्ही तीनच ठेवले होते: निरोगी, आणि तांबेरा व पिवळा मोझॅक हे दोन रोग. डेटा शुक्रवारी पुण्याच्या कंपनीकडे जायचा होता. तो नापास झाला असता तर कापसाचा पुढचा टप्पा दुसऱ्या शहरात गेला असता आणि नांदेड सेंटरमधल्या अकरा जणांना काम उरलं नसतं.

काम असं. पानाच्या फोटोवर डागाभोवती माउसने रेघ ओढायची, डागाला नाव द्यायचं. त्यावरून मशीन शिकतं. शेवटी प्रत्येक फोटोची एक जोडफाइल बनते, तिला मास्क म्हणतात. तिच्यात रंग नसतात, नंबर असतात. पान नाही तिथे शून्य, निरोगी भागावर एक, तांबेऱ्यावर दोन, मोझॅकवर तीन. मास्क पीएनजीमध्ये ठेवतात, कारण पीएनजी नंबर जसाच्या तसा जपतं. जेपीजी जागा वाचवायला शेजारच्या ठिपक्यांची सरमिसळ करतं. लग्नाच्या अल्बमला ते चालतं. इथे शून्य आणि दोनच्या मध्ये एक तयार होतो, म्हणजे तांबेऱ्याच्या कडेला निरोगी पान उगवतं.

फोल्डरमधले सगळे मास्क जेपीजी होते. मी लातूरच्या ऑफिसातून नांदेड सेंटरला फोन लावला. फाइली गोळा करायचं काम पांडुरंगभाऊंकडे होतं. त्याआधी हदगावला त्यांचा फोटो स्टुडिओ होता.

"भाऊ, मास्कला हात कुणी लावला?"

"मीच. लई काळे आले होते, सर. एकात बी काही दिसत नव्हतं. ऑटो-लेव्हल मारली, जेपीजी करून ठेवले. आता बघा, पान कसं झकास दिसून राहिलं."

"ते काळेच असतात, भाऊ."

"हे कुणी सांगितलं न्हाई मला."

ते खरं होतं. सांगायचं काम माझं होतं.

शून्य म्हणजे काळा, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढरा. तीनसुद्धा डोळ्याला काळाच दिसतो. ऑटो-लेव्हल प्रत्येक मास्कमधला सर्वांत मोठा नंबर पांढऱ्यापर्यंत ओढते. त्यामुळे मोझॅक असलेल्या पानावर तांबेरा करडा झाला, मोझॅक नसलेल्या पानावर तोच पांढराशुभ्र. उलट गणित करायला जागा नव्हती. मूळ पीएनजी "डबल कशाला" म्हणून डिलीट झाल्या होत्या.

उरली रेघ ओढताना कॉम्प्युटर बनवतो ती जेसन फाइल. ती चित्र नसते, साधा मजकूर असतो: डागाच्या हद्दीवरच्या बिंदूंची यादी. मोजणीचा नकाशा हरवला तरी हद्दीच्या खुणांचं टिपण असेल तर नकाशा पुन्हा काढता येतो, तसं. पण क्लायंटने मागितली नाही म्हणून जेसन सर्व्हरवर ठेवायची नाही, असं मीच ठरवलं होतं.

सेंटरच्या सुपरवायझर, नायगावच्या सविताताई, फोनवर आल्या.

"माझ्या पेनड्राइव्हवर हाय, सर. लाइट जाते म्हणून रोज निघताना सगळ्यांची घेते."

"कुणी सांगितलं होतं?"

"ते बी कुणी सांगायला पाहिजे का?"

दुपारपर्यंत स्क्रिप्टने जेसनवरून मास्क पुन्हा काढले. सविताताई मध्ये दोन दिवस रजेवर होत्या, तेवढ्या दिवसांचे एकशे सव्वीस फोटोंचे मास्क मात्र गेले होते.

"ते मी काढतो," पांडुरंगभाऊ म्हणाले.

"मार्किंग कधी केलंय?"

"चौदा वर्षं नवरीच्या केसांभोवती रेघ ओढली, सर. पान काय चीज हाय."

"रेघ तुम्ही ओढा," सविताताई मागून म्हणाल्या, "नाव मी देते. न्हाईतर तांबेऱ्याला मेहंदी लिहून मोकळे व्हाल."

"हाव, ते बरं."

शुक्रवारी पाच वाजता डेटा गेला. सोमवारी कंपनीच्या तपासनीसांचा फोन आला. डेटा पास होता आणि कापसाचं काम नांदेडलाच राहणार होतं.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "एका बॅचच्या कडा बाकीच्यांपेक्षा फारच स्वच्छ आहेत. टूल कोणतं वापरलं?"

"टूल तेच. माणूस हदगावच्या स्टुडिओतला."

आता जेसन सर्व्हरवर राहते आणि प्रत्येक डेटाबरोबर एक टेक्स्ट फाइल जाते: कोणता नंबर म्हणजे काय, फॉरमॅट कोणता, आणि मास्क काळे दिसणार. चार ओळी आहेत. लिहायला मला सहा मिनिटं लागली.