म्हातारा चढतो का राहतो?

आमच्या साडूंइतका उतावळा माणूस देवाने दुसरा घडवला नाही, आणि हा जो एक घडवला तोही घाईघाईतच उरकला असणार. जन्मसुद्धा म्हणे सातव्या महिन्यातला. आत बसून कंटाळले असतील. 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' ही म्हण तुम्ही नुसती ऐकली असेल, मी तो नवरा डोळ्यांनी पाहिला आहे. लग्न आमच्या सासुरवाडीला, नेकनूरला होतं. वऱ्हाड मागून टेम्पोने यायचं होतं, पण टेम्पो भरेपर्यंत थांबायला यांना धीर कुठला! मित्राच्या मोटारसायकलवर बसून हे पुढे आले, तेव्हा मांडवाचे खांबसुद्धा उभे राहिले नव्हते. सासरेबुवा तोंडात मशेरी घेऊन अंगणात उभे, चष्मा घरात राहिलेला. एक पोरगा रिकामा उभा दिसला म्हणून ते ओरडले, "ए पोरा, बघत कावून उभा? धर की त्यो बांबू!" आणि आमच्या साडूंनी निमूट बांबू धरला. लग्नाच्या अल्बमात पहिला फोटो तोच आहे, आणि आमची मेहुणी तो आल्यागेल्याला अजून हौसेने दाखवते.

पुढे वय वाढलं, कानशिलं पांढरी झाली, पण घाई काही कमी झाली नाही. चहा उकळू देणं त्यांना माहीत नाही. त्यांच्या घरचा चहा म्हणजे गरम पाणी, दूध आणि चांगली इच्छा. एसटीत बसले की उतरायचं बीडला आणि दारात जाऊन उभं राहायचं अर्ध्या वाटेतच. आणि तोंडात तीळ भिजेल तर शपथ! मी आमच्या हिच्यासाठी चोरून साडी घेतली होती, दुकानात हे बरोबर होते. मी साडी घेऊन घरी पोचायच्या आत हिचा प्रश्न तयार: "काठ बरा आहे ना हो?" आता बोला! पिक्चर तर यांच्याबरोबर कुणी पाहूच नये. पुढे काय होणार ते हे आधीच सांगतात, ते बहुतेक चुकतं, आणि चुकलं की दिग्दर्शकावर रागावतात.

यांची शिरूर कासारला पिठाची गिरणी आहे. गिरणी म्हणजे आमच्या भागातली खरी विधानसभा. तिथे दळण टाकायचं, पोत्यावर बसायचं आणि पट्ट्याच्या आवाजावर ओरडून जगाचा निकाल लावायचा. गेल्या वर्षी पावसाळ्यात तिथे एकच विषय होता, तो अवकाशाचा पिक्चर. भलताच मोठा, शेकडो कोटींचा. पृथ्वी वाळून खडखडीत झालेली, आणि सगळी माणसं एका अजस्र यानात बसून दूरच्या ग्रहावर निघालीत, कारण तिथे पाणी आहे. ट्रेलर आला त्या दिवसापासून साडूंच्या डोळ्याला डोळा नव्हता. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नाकासमोर ते मोबाईल धरायचे. त्या मोबाईलवर पिठाचा असा थर की अवकाश पांढरंशुभ्र दिसायचं आणि यान धुक्यात हरवलेल्या एसटीसारखं.

गावात लगेच तट पडले. पोरं म्हणायची, असा पिक्चर झाला नाही, होणार नाही. एक पुढारी म्हणाले, "एवढ्या पैशात आपल्या तालुक्याला पाणी आलं आसतं." शाळेतले एक गुरुजी म्हणाले, अवकाशात आवाज होतच नाही, सगळी फसवणूक आहे, त्यावर साडू म्हणाले, "मग गुरुजी, तुमी कानात बोटं घालून बघा." एक बाई दळण डोक्यावर घेता घेता म्हणाली, "पान्यासाठी लांब जात्यात, त्यात काय नवाल? आमी रोज जाताव, आमचा कुनी पिच्चर काढला का?" या वादाच्या भरात साडूंनी कुणाच्या गव्हात कुणाचा हरभरा दळला याचा हिशेब नाही. आठवडाभर निम्म्या गावाच्या चपात्यांना बेसनाचा वास होता. पिक्चरची तारीख आधी गणपतीची होती, मग दसऱ्याची झाली, मग आणखी पुढे गेली. तारीख पुढे गेली की साडू मला बीडला फोन करायचे, जणू मीच ती ढकलली. "पाव्हणं, ह्ये बरं न्हाई बरं का!"

पण खरं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. ट्रेलरच्या अगदी शेवटी सगळी माणसं यानात चढतात, दार मिटायला लागतं, आणि खाली एक म्हातारा उभा दिसतो, हातात गाठोडं घेतलेला. तेवढ्यात अंधार! म्हातारा चढतो का राहतो? या दोन पक्षांत गिरणी उभी दुभंगली. 'राहतो' पक्षाचे पुढारी आमचे साडू. 'चढतो' पक्षाचे पुढारी आबा.

आबा म्हणजे साडूंच्या गिरणीशेजारचे. जन्मभर ऊस तोडलेला माणूस. दसरा झाला की टोळीबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्यावर जायचं आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचं, यात म्हणे एक साल चुकलं नव्हतं. मागल्या हंगामात मात्र गुडघ्यांनी दगा दिला, उसाच्या फडात दोनदा पडले. पोराने यंदा साफ सांगितलं होतं, "आबा, तुमी घरीच थांबायचं." आबांनी ते ऐकलं आणि कोयत्याला धार लावायला बसले. म्हणजे न ऐकल्यासारखंच केलं.

"चढतो म्हंजी चढतोच," आबा म्हणायचे. "हातात गठुडं हाय का न्हाई? राह्यचं आसतं तर बांधलं कावून आसतं बे?"

"आवो, त्याचा पाय बघा की!" साडू चित्र थांबवून, बोटाने पीठ पुसून दाखवायचे. "पाय माघारी वळलाय."

"दुखत आसल. तुला काय ठाव गुडघ्याचं!"

साडूंना जिंकल्याशिवाय चैन पडत नाही. ते रोज नवे पुरावे काढायचे आणि आबा रोज ते झटकायचे. आपण कुणाबद्दल बोलतोय हे या शहाण्याच्या महिनाभर ध्यानातच आलं नाही.

ते आलं टोळी निघाली त्या सकाळी. ट्रॅक्टर गिरणीसमोरच उभा होता. भांडी, पोती, शेळ्या, लेकरं, सगळं चढून झालं होतं. साडू गिरणी बंद करून निरोप द्यायला बाहेर आले. तर आबा हातात गाठोडं घेऊन येताना दिसले, डोक्याला धुतलेलं पागोटं. पोरगा खाली उतरला, आबांच्या हातातलं गाठोडं घेतलं, परत घराच्या ओट्यावर नेऊन ठेवलं, पाया पडला आणि ट्रॅक्टरवर जाऊन बसला. ट्रॉलीची मागची फळी लावली गेली. आबा खाली उभे होते. हे सगळं साडूंनी मला फोनवर सांगितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते हळू बोलत होते. "पाव्हणं," ते म्हणाले, "म्या जिंकलो की हो. लई वंगाळ वाटतंय."

दुसऱ्या दिवसापासून साडूंनी पक्ष बदलला. आता ते गिरणीत गर्जना करायला लागले, "म्हातारा चढतोच! कोनी काय बी म्हना!" आणि गंमत पाहा, आबांनीही पक्ष बदलला. ते पोत्यावर बसून शांतपणे म्हणायचे, "राहतो रं. जागा नसंल." भांडण तसंच चालू राहिलं, फक्त बाजू उलट्या. पण आता साडूंची तळमळ वेगळी होती. त्यांना पिक्चर बघायचा नव्हता, त्यांना तो म्हातारा वर चढलेला बघायचा होता, आणि धावत येऊन आबांना सांगायचं होतं. एवढ्यासाठी त्यांचा जीव कासावीस झाला होता.

दिवाळीनंतर एकदाचा पिक्चर लागला. पहिल्या दिवशी साडू आमच्या घरी दूधवाल्याच्या आधी हजर! थिएटरवर पोचलो तर फाटकाला कुलूप, पहारेकरी दात घासतोय. खेळ सुरू झाला. दृश्य आलं. दार मिटायला लागलं, खाली म्हातारा उभा, आणि पडद्यावर अंधार. पुढच्या क्षणी यान थेट अवकाशात. साडू माझ्या कानाशी लागले, "आता दावतील." मग स्फोट झाले, दोन ग्रह फुटले, नायकाचं लग्न मोडलं आणि परत जुळलं. प्रत्येक वेळी हे खुर्चीच्या टोकावर सरकून, "आता दावतील!" शेवटी ते उभेच राहिले आणि पडद्याला उद्देशून ओरडले, "आरं, पर त्यो म्हातारा कुठंय?" मागची पोरं "काका, बसा ना" करायला लागली. पिक्चर संपला, दिवे लागले, नावं सरकायला लागली. मी उठलो, तर यांनी माझा हात धरला. "नावं झाल्यावर बी दावत्यात कधी कधी." झाडूवाला येऊन उभा राहिला तेव्हा आम्ही उठलो. म्हाताऱ्याचं नंतर काय झालं ते त्या पिक्चरवाल्यांनी दाखवलंच नव्हतं. विसरले होते, दुसरं काय!

बाहेर पोरांची हमरीतुमरी चालली होती, कुणी म्हणे एक नंबर, कुणी म्हणे बोगस. एकाने विचारलं, "काका, कसा वाटला?" एरवी साडूंनी त्याला स्टँडपर्यंत सोडला नसता. आज म्हणाले, "बघा तुमीच." मला त्यांना एकटं सोडवेना, मी एसटीत बरोबर बसलो. शिरूर येईपर्यंत ते जागेवरून उठले नाहीत. एकदाच बोलले, "पाव्हणं, एवढ्या कोटीत त्या बिचाऱ्याला दोन मिनिटं न्हाई बसली का?" मी काय सांगणार, कप्पाळ! मलाही तोच राग आला होता.

गिरणीसमोर आबा बसलेले. आम्हाला पाहताच विचारलं, "चढला का राह्यला?"

साडूंनी गिरणीचं कुलूप काढलं. पट्टा चालू केला. दळायला काहीही नव्हतं. मग त्या आवाजावर ओरडून म्हणाले, "ह्यो पयला भाग हाय, आबा! म्हाताऱ्याचं समदं दुसऱ्या भागात हाय!"

"कवा येनार दुसरा?"

"पाडव्याच्या सुमाराला! टोळ्या येत्यात, तवा!"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. "म्हंजी वाट बघायची," आबा म्हणाले. "बघू."

त्यानंतर साडूंनी जे केलं ते माझ्या हिला आजही खोटं वाटतं. त्यांनी तोंड बंद ठेवलं. नुसतं स्वतःचं नाही, साऱ्या गावाचं! पिक्चर बघून येणाऱ्या प्रत्येकाला गिरणीच्या कोपऱ्यात घेऊन दम भरला: आबांच्या कानावर एक शब्द गेला, तर दळण बंद. पोरं घाबरली, गुरुजीसुद्धा गप्प बसले. ज्या माणसाला चहा उकळेपर्यंत थांबता येत नाही त्याने अख्खा हिवाळा ती गोष्ट पोटात धरून ठेवली. फोनवर बोलताना मला कळायचं, आता बाहेर पडतंय. मग ते एकदम विचारायचे, "बाकी काय, पाव्हणं?"

पाडव्याआधी सहज म्हणून मी शिरूरला गेलो. टोळी त्या दिवशी यायची होती. आमचे साडू गिरणीच्या पत्र्यावर चढून रस्त्याकडे बघत उभे, खाली आबा. धुरळा उठला की साडू ओरडायचे, "आलं!" आणि निघायचा पाण्याचा टँकर. असं तीनचारदा झाल्यावर आबा म्हणाले, "उतर आता खाली. पत्रा मोडल." साडू उतरले. आबा तंबाखू मळता मळता सावकाश म्हणाले, "तुज्या पिच्चरला दुसरा भाग न्हाई, ठाव हाय मला. पोरानं तिकडं बघितला दिवाळीनंतर. त्याच रोजी म्हाताऱ्याचं सांगत फोनवर रडत व्हता."

साडूंचं तोंड उघडं राहिलं. "मग आबा, तुमी बोलला कावून न्हाई?"

"तुजं तोंड कवा बंद बघितलं नव्हतं," आबा म्हणाले. "माज्यासाटी तू एवढा दम धरला. म्हनलं, आपन बी धरावा."

साडू पिठाच्या हाताने डोळे पुसायला गेले आणि तोंड पांढरं करून बसले. तेवढ्यात वळणावरून ट्रॅक्टरचा आवाज आला, या वेळी खरा. ट्रॅक्टर थांबायच्या आधीच आबांचा पोरगा खाली उडी मारून इकडे यायला निघाला होता. आबा गुडघ्यावर हात देऊन उठले आणि चालू लागले. साडूंनी ठरवलं असतं तर दोन ढांगांत तिथे पोचले असते. पण ते आबांच्या मागून, आबांच्या चालीने, एकेक पाऊल टाकत गेले.