देवघर बसवलेली ट्रॉली

आमच्या शेजाऱ्यांना बोलताना समोरच्याच्या खांद्यावर बोटानं टकटक करायची सवय होती. जणू आपण रिकामे डबे. गांधीबागेच्या बाजारात कापडाचे गठ्ठे वाहून निकामी झालेली पत्र्याची बंद ट्रॉली त्यांनी आणली आणि गल्लीभर टकटक करत सांगितलं, "हॉटेल नाही, धर्मशाळा नाही. मी माहं घरच पचमढीले नेऊन राहिलो!"

महिनाभर ठोकाठोक चालली. आत फळ्यांचे दोन पलंग, स्टोव्हपुरता ओटा, खिडकीला वाळ्याचा पडदा. आणि भिंतीत पक्कं देवघर, तोंड बरोबर पूर्वेला. वर वास्तुशांतही केली. भजी चांगली होती, एवढंच म्हणेन.

निघायच्या दिवशी ट्रॉली त्यांच्या मेहुण्याच्या जीपला जोडली. वहिनी नवं लुगडं नेसून, पुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या. जन्मात पहिल्यांदा त्या थंड हवेला निघाल्या होत्या. कोपऱ्यावर जीप उत्तरेला वळली आणि शेजारी ओरडले, "थांबव गा! देवाचं तोंड दक्षिणेले झालं!"

"भाऊजी, रस्ताच तिकडं जाते," मेहुणा म्हणाला.

"मंग देवाले विचारून रस्ता बांधाचा होता!"

ट्रॉली परत अंगणात आली. चाकांखाली विटा लागल्या. संध्याकाळी हे महाशय तिच्या दारापुढं तुळशीचा ओटा बांधत होते, आणि वहिनी घरोघर प्रवासाच्या पुऱ्या वाटत होत्या.

माझ्या हातावर पुऱ्या ठेवत त्या हळूच म्हणाल्या, "देव त मी मांडीवर घेऊन बसली असती. पण मले विचारते कोण?"