आजाऱ्यांची यादी
फोटोकॉपी मशीनमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की मला एडमंटनमधल्या आमच्या छोट्या अँग्लिकन चर्चमधला तो रविवार आठवतो. ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला आमच्या यांचं नाव प्रार्थनेत वाचायच्या आजाऱ्यांच्या यादीत घातलं, ते नाताळात राहिलं, ईस्टरआधीच्या उपासांतही राहिलं. यादी दर गुरुवारी छापली जायची. हे शुक्रवारी गेले. रविवारी प्रार्थना वाचायची पाळी माझी होती, आणि येत नाही म्हणून कळवायचं मला सुचलंच नाही. किचनर शहरातून आलेली लेक पहिल्या बाकावर होती, बाकी कोणाला अजून काही ठाऊक नव्हतं. बाहेर बर्फ, आत हीटरची घरघर. यांचं नाव आलं तसं मी वाचलं, लवकर बरं वाटू दे म्हणून. वीस-पंचवीस माणसं एका सुरात म्हणाली, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." मी पुढचं नाव वाचलं. बाहेर पडताना लेक म्हणाली, "मॉम, यू कुड हॅव स्किप्ड इट." मी म्हटलं, "छापलेलं होतं गं." आता ती यादी मीच टाइप करते. छापण्याआधी यादीतल्या प्रत्येकाच्या घरी फोन लावते. पलीकडून हॅलो आलं तरी लगेच काही विचारत नाही. मागे कोणी खोकतंय का, ते आधी ऐकते.