चिंचेने घासलेला ट्रायलोबाइट

१२ ऑक्टोबर, रविवार. दिवाळीची साफसफाई अर्धी टाकून मी वारज्याहून बस पकडली. सदाशिव पेठेतल्या ओळखीच्या काकांचा फोन आला होता, "मुलीकडे बेंगळुरूला कायमचे निघालोय. ट्रायलोबाइट हवा असेल तर घेऊन जा." ट्रायलोबाइट (चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा, कवचाचा, अंगाला वळ्या असलेला समुद्री प्राणी) पुण्यात सापडत नाही. आपला दगड ज्वालामुखीचा, त्यात असले जीवाश्म नसतात. माझ्या जीवाश्मांच्या कपाटातली ती जागा कित्येक वर्षं रिकामी होती.

बसमध्ये निम्म्या बायका खरेदीला निघालेल्या. शेजारणीने विचारलं, "तुम्ही काय घेणार?"

"दगड."

तिने पिशवी जवळ ओढून घेतली.

डेक्कनला उतरून लकडी पूल चालत ओलांडला, पेठेत पोचले. दार उघडलं ते भांडणासकट.

"अहो, देव घासत होते. हाही कळकट दिसला, लावली चिंच!" काकू म्हणाल्या.

"चाळीस कोटी वर्षं टिकला, तुझ्यापुढे नाही टिकला," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "उगाच आलात. वाया गेला तो."

ताटात बाळकृष्णाशेजारी तो ओला पडला होता. आंबटाने चुनखडी विरघळते आणि हा जीवाश्म चुनखडीचाच, तेव्हा काकांचं बरोबरच होतं. पण भिंगातून पाहिलं तर डोकं आणि मधल्या वळ्या निस्तेज झालेल्या, शेपूट मात्र चकचकीत. मी काकूंकडून सुई घेतली, गॅसवर तापवली आणि शेपटीला टेकवली.

"कुकरची मूठ जळल्यासारखा वास येतोय," काकू म्हणाल्या.

शेपूट प्लास्टिकचं होतं. विकणाऱ्याने तुटका नग जोडून, रंगवून दिला होता.

काका खुर्चीत बसले. "इतकी वर्षं लोकांना बोलावून दाखवला. आता तुम्हालाही नको असेल."

"नको कशाला? डोकं खरं आहे."

"या घरात तेवढंही पुष्कळ," काकू म्हणाल्या.

काका हसले. जुन्या धोतराच्या फडक्यात त्यांनी तो स्वतः गुंडाळला. "कपाटातल्या नावाच्या पाटीवर मात्र खरं ते लिहा." काकूंनी चकल्या बांधून दिल्या आणि दगड खाली, चकल्या वर, असं दोनदा बजावलं.

परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर होती. चिंच लागली नसती तर मीही तो अखंड समजून कपाटात ठेवला असता, आणि पाटी खोटी लिहिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत बसून शेपटीचं प्लास्टिक सुईने खरवडलं. खालून खऱ्या कवचाची नखाएवढी कड निघाली. लगेच काकांना फोन लावून सांगितलं.

"थांबा, तिला देतो," ते म्हणाले. "चिंच तिने लावली होती."