नणंदेच्या तोंडची माती

सगळ्या झाडीपट्टीत खोटं बोलण्यात माझ्या धाकट्या नणंदेचा हात धरणारी बाई सापडायची नाही. चांगल्याला चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, असं ती धरून चालते. धान कमरेइतकं वाढलं की तिच्या मते ते करपलेलं असतं. म्हैस बादली भरून दूध देते त्या दिवशी म्हैस आटलेली असते. घरकुलाचं नवं घर झालं, तेव्हा भर पावसात आम्हाला कोरड्या खोलीत बसवून ते किती गळतं हे ती सांगत होती. मी वर पाहिलं, तर म्हणाली, "इथी नाई, तिकडं गळते." दोन नातवंडं पाळण्यातच गेली, म्हणून त्यानंतरच्या नातीला ती कचरी म्हणते. शाळेत तिचं नाव रोशनी आहे. ते नणंदेच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

घर पिवळ्या कार्डाचं, म्हणून सरकार या पोरीच्या शिक्षणासाठी तिच्या खात्यात पैसे साठवतं. अट एकच, पोरगी शाळेत जात असली पाहिजे. गावची शाळा चौथीपर्यंत. पुढं तालुक्याला राहून शिकायचं तर तेवढाच आधार. पडताळणीला तालुक्याच्या ऑफिसातून एक बाई आल्या, तेव्हा पोरीचे आईबाप तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. पंचायतीच्या ओट्यावर गाव जमलं होतं. बाईंनी नणंदेला विचारलं, नात शाळेत जाते का.

"कुठची शाळा, बाई. डोक्यात माती हाये तिच्या. शेळ्यांमांगं हिंडते."

शाळा सोडली, असं बाईंनी लिहून घेतलं. पुढचे पैसे थांबतील म्हणाल्या. नणंद निवांत होती, दृष्ट तर टळली. मी तिचा दंड धरला. "खरं सांग आता. नाई तं पोरगी खरंच शेळ्यांमांगं जाईन."

ती उठली. चोरी कबूल करावी तशी मान खाली घालून म्हणाली, "रोशनी रोज जाते शाळेत. साऱ्या वर्गात हुशार हाये माझी नात." आणि लगेच सगळ्यांना थुंकायला लावलं. सगळे थुंकले. बाईंनीही आधी ओट्याखाली थुंकून घेतलं, मग लिहिलेलं खोडलं.

रोशनी आता तालुक्याला शिकते. नणंदेला विचारलं तर म्हणते, "असंन कुठी. मले का ठाऊक." शनिवारी एसटीच्या वेळेला मात्र ती टोपली घेऊन फाट्यावर शेण वेचायला जाते. त्या रस्त्यानं गुरं जात नाहीत. टोपली बहुतेक रिकामीच परत येते. कधीमधी तिच्यात दप्तर असतं.