वहिनीने सोडलेली जागा

लालबागच्या आमच्या चाळीत गणपतीच्या कार्यक्रमांचा कागद मीच करत आले होते. परळच्या एका छापखान्यात मी मजकूर जुळवण्याचं काम करते, त्यामुळे हा मान माझा हे ठरलेलंच होतं. वर तोरण, चारी बाजूंनी वेलबुट्टी, मजकुरामागे फिकट गणपती आणि दर ओळीला वेगळा फॉन्ट. अध्यक्षांपासून सल्लागारांपर्यंत सगळ्यांची नावं हुद्द्याप्रमाणे वर घ्यायची आणि राहिलेल्या जागेत कार्यक्रम बसवायचे. एखाद्याचं नाव बारीक झालं की वर्षभर रुसवा. कागदावर बोट ठेवायला जागा नसायची आणि मला त्याचाच अभिमान होता.

मग दादाचं लग्न झालं. वहिनी फणसवाडीची, जाहिरातीच्या ऑफिसात डिझाइन करणारी. यंदा मंडळाच्या बैठकीत सेक्रेटरीकाका म्हणाले, "ह्या टायमाला नव्या सूनबाईंना करू दे की." मी हसून मान डोलावली. आतून इतका जळफळाट झाला की पुढ्यातला चहा तसाच निवला.

वहिनी घरीच लॅपटॉप घेऊन बसली. मीही मेथी निवडायच्या निमित्ताने शेजारी बसले.

"ताई, लोक कागदात पहिलं काय शोधतात?"

"आपलं नाव," मी म्हटलं. ती हसली. ते हसणंही मला आवडलं नाही.

वार आणि वेळ तिने डावीकडे एका सरळ रेषेत ठळक घेतले, त्यांच्यासमोर कार्यक्रम. एका दिवसाच्या ओळी जवळजवळ, पुढच्या दिवसाआधी मोकळी जागा. फॉन्ट एकच, कुठे जाड, कुठे बारीक. मंडळाची सगळी नावं तळाला, एकाच मापात. मग ती उठून दारापर्यंत मागे गेली आणि डोळे किलकिले करून बघू लागली. "पुसट दिसलं तरी वार कळले पाहिजेत," म्हणाली. कळत होते. म्हणून तर माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

काका बघायला आले आणि त्यांनी कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "इथे जागा उरलीय. शुभेच्छुकांचे फोटो टाका ना."

"उरली नाही काका, मुद्दाम सोडलीय. त्यामुळे बाकीचं वाचता येतं."

मी आशेने काकांकडे पाहिलं. वाजावं दोघांचं आणि कागद परत माझ्याकडे यावा, एवढंच मला हवं होतं. काका कागद बघत राहिले. शेवटी म्हणाले, "महाप्रसाद शनिवारी हाय होय? बरं." आणि चप्पल घालून गेले.

कागद छापून जिन्याच्या भिंतीवर लागला. मी त्याच्यासमोर चुका शोधत उभी होते, एक सापडेल तर शपथ. तेवढ्यात आई भाजी घेऊन वर आली. तिची नजर कित्येक वर्षांपासून अधू आहे. तिने पिशवी खाली ठेवली, तशी मी सवयीने वाचायला सुरुवात केली.

"थांब गो. दिसतंय मला."

तिने कागदावर बोट टेकवलं आणि सावकाश वाचू लागली. मंगळवार, संध्याकाळी पाच, हळदीकुंकू. खालपर्यंत वाचून झाल्यावर ती माझ्याकडे वळली. चेहरा नुसता खुलला होता.

"तुझा कागद कधी वाचताच आला नाय गो मला. तू वाचायचीस, मी ऐकायचे."

दर वर्षी ती मला जिन्यात हाक मारून माझा कागद वाचून घ्यायची. मला वाटायचं, कौतुकाने.